झिजलेल्या बाजू

आईच्या रेकॉर्डींचे दोन ढीग सहज पडतात. एक जड, एक हलका. जड त्या लाखेच्या, ७८च्या, म्हणजे मिनिटाला ७८ फेऱ्या घेणाऱ्या. बहुतेक तिच्या माहेरून आलेल्या. हलक्या त्या प्लास्टिकच्या, एलपी (मोठ्या, जास्त वेळ वाजणाऱ्या) आणि ईपी (छोट्या), तिनं स्वतःच्या पगारातून घेतलेल्या. मिरजेच्या घरी दोन्ही मिळून दोनशेच्या आसपास रेकॉर्डी दिवाणाच्या पोटात आणि लोखंडी कपाटाच्या खालच्या खणात उभ्या लावलेल्या होत्या. उभ्याच. आडव्या एकावर एक रचल्या की खालच्या तडकतात नाहीतर वाकतात, हे आम्हा भावंडांना अक्षरओळखीच्याही आधी शिकवलेलं होतं. आई गेली आणि त्यानंतरचा पावसाळा सरला, तसा धाकटा भाऊ फोनवर म्हणाला, "ताई, बुरशी धरायच्या आत ह्यांचं काहीतरी बघायला पायजे." म्हणून मी ठाण्याहून जाऊन राहिले.

आई नगरपालिकेच्या शाळेत प्राथमिक शिक्षिका होती. बाबा रेल्वेत गार्ड, लोंड्याकडच्या मीटरगेजवर. त्यांची ड्यूटी अशी की चार-चार दिवस घरी पाय नसायचा, आणि आले की त्यांना झोप हवी असायची. गाण्याचं वेड घरात एकट्या आईला. ती स्वतः गात नसे. स्वयंपाक करताना गुणगुणतानाही मी तिला कधी ऐकलं नाही. ऐकणं हेच तिचं काम होतं आणि ते ती शाळेच्या कामाइतक्याच शिस्तीनं करी. रेकॉर्ड चालू असताना भाजी निवडायची नाही, वह्या तपासायच्या नाहीत. बसायचं आणि ऐकायचं.

आधी जड ढिगाचं सांगते, कारण त्यात मी सगळ्यात जास्त रमले.

७८ची रेकॉर्ड ही मुळात आपल्याच जंगलातली वस्तू आहे. पळस, बोर, कुसुम या झाडांच्या फांद्यांवर बारीक किडे जो राळेसारखा थर चढवतात ती लाख. छोटा नागपूरच्या पट्ट्यातून ती जगभर जायची आणि तिच्यात दगडाची बारीक पूड, काजळी, तंतू मिसळून तबकड्या दाबल्या जायच्या. आपल्याकडची पहिली व्यापारी ध्वनिमुद्रणं १९०२ साली कलकत्त्यात झाली. गौहरजान गाणं संपवताना इंग्रजीत स्वतःचं नाव सांगते ते याच काळातलं. मुद्रणं जर्मनीत हॅनोव्हरला पाठवली जात आणि तिथल्या कारागिरांना कोण गातंय हे कळावं म्हणून ती पुकार असे. १९०८ला कलकत्त्यात सियालदहला कारखाना निघाला, तेव्हा हा द्राविडी प्राणायाम संपला. आपली लाख समुद्र ओलांडून जायची आणि आपल्याच माणसांचा आवाज घेऊन परत यायची, हे मला आईनं सांगितलं होतं. चौथीच्या भूगोलात लाखेचं नाव आलं की ती वर्गात एक फुटकी रेकॉर्ड न्यायची आणि तिचा तुकडा पोरांच्या हातातून फिरवायची.

त्या दगडाच्या पुडीचं एक कारण आहे, आणि पुढचं सगळं त्या कारणावरच उभं आहे. चावीच्या फोनोची सुई पोलादाची असते आणि तिच्यावर अख्ख्या साउंडबॉक्सचं, म्हणजे आवाज उमटवणाऱ्या गोल डबीचं, ओझं असतं. रेकॉर्डमधली पूड त्या सुईला पहिल्या काही फेऱ्यांतच घासून खाचेच्या आकाराची करते. म्हणजे सुईनं झिजायचं आणि खाच वाचवायची, अशी ती योजना. म्हणून दर बाजूला नवी सुई लावावी असं सुयांच्या पाकिटांवर छापलेलं असे. पण मिरजेसारख्या गावात, मास्तरणीच्या पगारात, दर बाजूला नवी सुई कोण लावणार? कुत्र्याचं चित्र असलेली सुयांची पत्र्याची डबी आमच्याकडे अजून आहे. तिच्यात दोन कप्पे आहेत, एक नव्यांचा आणि एक वापरलेल्यांचा. वापरलेल्यांचा कप्पा गच्च भरलेला आहे, कारण त्या टाकल्याच नाहीत. पुन्हा वापरायला ठेवल्या. आणि झिजलेली, धार आलेली सुई खाच कापत जाते.

त्यामुळे लाखेची रेकॉर्ड उजेडात तिरकी धरली की ती किती वाजली आहे ते डोळ्यांनी दिसतं. नवी असते तेव्हा काळी कुळकुळीत, चकचकीत. वाजत गेली की खाचा करड्या पडतात, राख फासल्यासारख्या. आणि सगळीकडे सारख्या पडत नाहीत. जिथे आवाज मोठा तिथे खाच जास्त वळवळते, तिथे सुई जास्त घासते. तारसप्तकातला लांबलेला स्वर, जोरकस तान, नाट्यपदाच्या शेवटची ती टाळ्यांची जागा आधी करडी होते. दुसरी खूण लेबलावर असते. मधल्या भोकाभोवती खिळ्याचे बारीक ओरखडे दिसतात. भोक खिळ्यात बसवताना हात चाचपडतो, त्याचे ते. जितके ओरखडे तितक्या वेळा रेकॉर्ड चढली. दिवे गेलेल्या संध्याकाळी चढली असेल तर आणखी लांब.

हे सगळं मला पुण्याहून आलेल्या एका संग्राहकांनी दाखवलं. त्यांच्याकडे मी पुढे येते.

रेकॉर्डींची मूळ कागदी पाकिटं बरीचशी शाबूत आहेत. त्यांवर गावोगावच्या दुकानांचे शिक्के. सांगली, कोल्हापूर, बेळगाव, हुबळी. एकाच शिक्क्यात सायकली, शिवणयंत्रं आणि ग्रामोफोन अशा तिन्ही वस्तूंची नावं, कारण तिन्हींना लागणारा कारागीर एकच. पाकिटाच्या मागच्या बाजूला आईचं अक्षर. शाईच्या पेनानं, शाळेतल्या फळ्यावर असतं तसं सुटं सुटं. रागाचं नाव, ताल, आणि मग एखादी ओळ. "दुसरी बाजू आधी लावणे." "सुरुवातीला खरखर, पुढे उत्तम." "पावसाळ्यात ऐकू नये, फार उदास." एका हिराबाईंच्या रेकॉर्डवर नुसतं, "आमच्या गावच्या."

त्या 'आमच्या गावच्या'त मिरजेच्या माणसाचा सगळा अभिमान आहे. हिराबाई बडोदेकर १९०५ साली मिरजेत जन्मल्या. अब्दुल करीम खाँसाहेबांचं बिऱ्हाड इथं होतं. १९३७ साली दक्षिणेत प्रवासात एका छोट्या स्टेशनवर त्यांनी देह ठेवला, तो मिरजेला आणला आणि मीरासाहेबांच्या दर्ग्याच्या आवारात त्यांना मूठमाती दिली. उरुसाला अजून तिथे गवई हजेरी लावतात. आई दरवर्षी जायची, मागे बायकांच्या घोळक्यात बसायची, आणि दुसऱ्या दिवशी शाळेत डोळे तारवटलेले घेऊन उभी राहायची. बाबांना ड्यूटी नसली तर ते आम्हाला सांभाळत. त्याबद्दल त्यांनी कधी कुरकुर केली नाही, हे लिहून ठेवायला हवं.

संग्रहात खाँसाहेबांच्या १९३०च्या दशकातल्या ओडियन कंपनीच्या काही रेकॉर्डी आहेत. मास्तर कृष्णरावांच्या आहेत. दीनानाथांच्या दोन, पैकी एक तडा गेलेली. बालगंधर्व तर आहेतच, आणि 'स्वयंवर'मधल्या पदांची पाकिटं जवळजवळ फाटून गेली आहेत. त्या नाटकाच्या चाली भास्करबुवा बखल्यांच्या, १९१६ सालच्या. खुद्द भास्करबुवांचा आवाज मात्र कुठल्याच तबकडीवर नाही. अल्लादियाखाँसाहेबांचाही नाही, आणि ते तर १९४६पर्यंत होते. आईला याचं फार वाईट वाटे. इतकं मोठं गाणं हवेत विरून गेलं आणि आपल्याला ते शिष्यांच्या गळ्यातून अंदाजानं ओळखावं लागतं, असं ती म्हणायची. ज्यांनी रेकॉर्ड दिली त्यांच्याबद्दल तिला कृतज्ञता वाटायची, मग रेकॉर्ड कितीही खरखरती असो.

त्यांनी काय दिलं हे समजायला घड्याळ लावून ऐकावं. दहा इंची बाजूवर तीन, फार तर साडेतीन मिनिटं मिळतात. मैफलीत तासभर मांडायचा राग तेवढ्यात. पुष्कळांनी घाईनं ताना मारून ती वेळ भरली, हे खरं आहे. पण ज्यांना ते जमलं त्यांचं ऐकताना मला घाई जाणवतच नाही. पहिला षड्ज लागतो आणि राग समोर उभा असतो. आज हाताशी हवा तितका वेळ असताना गायक आलापातच पाऊण तास फिरत राहतात तेव्हा मला त्या तीन मिनिटांची आठवण येते. आईचं मत याच्या उलट होतं. तिला एलपी आल्या तेव्हा सुटल्यासारखं वाटलं. एका बाजूला वीस-बावीस मिनिटं! "आता गवयाला श्वास घ्यायला मिळाला," असं ती म्हणाली होती म्हणे.

तडा गेलेल्या दीनानाथांविषयी थोडं. केसासारखा तडा आहे, कडेपासून मध्यापर्यंत. सुई तो ओलांडते तेव्हा टक् असा आवाज होतो, दर फेरीला एक, म्हणजे मिनिटाला ७८. ही जवळजवळ मध्यलयीतल्या मात्रेची गती आहे. तबल्याचा ठेका आणि हा टक् काही आवर्तनं जवळजवळ हातात हात घालून जातात, मग हळूहळू सुटतात, मग पुन्हा भेटतात. लहानपणी मला तो वाद्याचाच भाग वाटायचा. नंतर इंटरनेटवर तेच पद स्वच्छ करून ठेवलेलं ऐकलं तेव्हा त्यात काहीतरी कमी आहे असं वाटत राहिलं.

वेगाचीही एक गंमत आहे. चावीच्या फोनोला चावी कमी पडली की शेवटच्या अर्ध्या मिनिटात स्वर उतरत जातो. पण त्याहून मोठा घोटाळा मुद्रणातला. जुन्या काळी ७८ हा आकडा सगळ्यांनी काटेकोर पाळलेला नव्हता. कुणी त्याहून संथ फिरवून मुद्रण केलं, कुणी जलद. आपण मात्र सगळ्या ७८वर लावतो, आणि गायकाची पट्टी बदलून बसते. ही शंका घेऊन मी एक बाजू फोनवर मुद्रित केली आणि सतारमेकर गल्लीत गेले. तिथे तंबोरे करणारे एक वयस्कर चाचा आहेत. आईच्या वेळेपासूनची ओळख. त्यांनी हातातली जवारी (तंबोऱ्याच्या तारांखालची घोडी) बाजूला ठेवली, फोन कानाशी धरला, मग एक तंबोरा छेडला, खुंटी पिळली, पुन्हा छेडला. "बेटी, हे गाणं पळतंय," म्हणाले. "आवाजाची गोलाई गेलीय बघ. अर्ध्या सुरानं उतरव, मग माणूस दिसंल." घरी येऊन संगणकावर तेवढं उतरवलं. खरोखर माणूस दिसला. तोच गळा, पण छातीतून आलेला, वयाचा, भारदस्त. इतकी वर्षं आम्ही ज्याला कोवळा आवाज म्हणत होतो तो कोवळा नव्हताच.

हलक्या ढिगात आईची स्वतःची निवड दिसते. ईपी पुष्कळ आहेत, ४५च्या, छोट्या, दोन्हीकडे मिळून चार गाणी. त्या परवडायच्या. भावगीतं, अभंग, नाट्यपदं. एलपी घेणं म्हणजे महिन्याचा हिशेब पुन्हा मांडणं, आणि तो मांडल्याच्या खुणा काही पाकिटांच्या आतल्या कागदांवर पेन्सिलीनं आहेत. रॉकेल, दूध, आणि शेवटी "भीमसेन". त्यांची ललित आणि शुद्ध कल्याणची एलपी आहे. कुमार गंधर्वांच्या आहेत. अमीर खाँसाहेबांची मारवा-दरबारी आहे. १९६७ची शिवकुमार शर्मा, हरिप्रसाद चौरसिया आणि ब्रिजभूषण काबरा यांची ती प्रसिद्ध एलपी आहे, जिची आखणी एचएमव्ही कंपनीच्या मुंबई शाखेतल्या जी. एन. जोशींनी केली. जोशी आधी स्वतः गायचे. भावगीतांच्या पहिल्या गाजलेल्या रेकॉर्डींतली एक त्यांची, आणि तीही आमच्याकडे आहे, जड ढिगात. गंगूबाई हनगल पूर्वी 'गांधारी' या नावानं मराठी भावगीतं गायच्या, त्यातलीही एक आहे. तिच्यावर आईनं लिहिलंय, "हा आवाज पुढे कुठे गेला बघा." ज्यांनी गंगूबाईंचा नंतरचा खर्जातला, पुरुषी धारेचा आवाज ऐकला आहे त्यांनी ही कोवळी बाजू एकदा ऐकावी. अंगावर काटा येतो.

आता संग्राहक. मुंबईत रेकॉर्ड जमवणाऱ्यांची एक संस्था आहे, सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स, १९९०पासूनची. त्या मंडळींचे लेख वाचून मला आधी कळलं की लाखेच्या रेकॉर्डला स्पिरिट लावायचं नाही, लाख त्यात विरघळते. साधं पाणी, चार थेंब सौम्य साबण, मऊ कापड, लेबल कोरडं, आणि सावलीत उभं करून वाळवणं. ७८ला आणि एलपीला वेगळी सुई लागते हे तर घरीच माहीत होतं. लाखेच्या खाचेला एलपीच्या तिप्पट रुंद टोक. आईच्या सूटकेशीसारख्या बंद होणाऱ्या प्लेयरच्या मानेला एक कळ आहे, ती फिरवली की सुई पालटते.

पुण्याहून आलेले गृहस्थ या विषयातले जाणकार. वयानं माझ्याएवढेच. बोलायला मृदू, हाताळायला त्याहून. एकेक रेकॉर्ड दोन तळव्यांत कडेनं धरून ते बॅटरीच्या उजेडात तिरकी करत आणि बाजूला ठेवत. दुपारभरात त्यांनी आईच्या संग्रहाचे नवे ढीग पाडले. ज्या दुर्मीळ आणि चांगल्या स्थितीतल्या, त्या जपून मुद्रित करून ठेवायला हव्यात अशा. ज्या सगळीकडे मिळतात अशा. आणि तिसरा ढीग, "ह्या तुम्ही ठेवा, ह्यांना आता काही किंमत नाही." एलपींत ते पाकिटावरचे क्रमांक वाचत. ईएएलपी म्हणजे मोनो, ईएएसडी म्हणजे स्टिरिओ. आणि मग खाचांकडे बघत.

ते गेल्यावर मी तिन्ही ढिगांसमोर बसले, तेव्हा मला जे दिसलं ते सांगण्यासाठीच हे सगळं लिहिते आहे. पहिला ढीग, म्हणजे किमतीचा, तो आईनं न ऐकलेल्या रेकॉर्डींचा होता. कुणीतरी भेट दिलेल्या, लग्नात आहेर आलेल्या, दुकानदारानं आग्रहानं गळ्यात मारलेल्या, तिला एकदा लावून न रुचलेल्या. 'यंग इंडिया' कंपनीची एक दुर्मीळ बाजू, जिच्याकडे बघून त्या गृहस्थांचा चेहरा उजळला, तिच्या पाकिटावर आईचं एक अक्षरही नाही. काळी कुळकुळीत. आणि तिसरा ढीग, बिनकिमतीचा, तो सगळा तिनं ऐकलेल्यांचा. करड्या, भोकाभोवती ओरखड्यांची जाळी झालेल्या, पाकिटांवर दोन-दोन रंगांच्या शाईतल्या नोंदी असलेल्या. तिचा जीव जिथे जडला होता तिथली खाच खलास झाली होती. बाजाराला जे हवं ते आणि मला जे हवं ते, यांत एकाही रेकॉर्डवरून वाद होणार नव्हता.

यावर मी रात्री बराच वेळ विचार केला. केसरबाई केरकरांची एक भैरवी १९७७ साली व्हॉयेजर यानांबरोबर सोन्याचा मुलामा दिलेल्या तबकडीवरून अंतराळात गेली, आणि त्याच वर्षी केसरबाई गेल्या. ती तबकडी कधीच झिजणार नाही, कारण तिला कुणी वाजवत नाही. तिथं ते ठीकच आहे. पण पृथ्वीवर, मिरजेत, दिवाणाखाली ठेवलेली रेकॉर्ड झिजायलाच हवी होती. मला आईचा तिसरा ढीग खराब झालेला वाटत नाही. मी त्याला वापरलेला म्हणेन, पूर्ण वापरलेला.

त्या ढिगातली सगळ्यात करडी रेकॉर्ड अब्दुल करीम खाँसाहेबांची झिंझोटी रागातली ठुमरी, 'पिया बिन नाही आवत चैन'. हीच ती, जी लहानपणी ऐकून भीमसेन जोशींनी गुरूच्या शोधात घर सोडलं. लेबलावरची सोनेरी अक्षरं निम्मी उडालेली. वाजवली तर पहिल्यांदा पावसाची सर ऐकू येते, आणि तिच्या पलीकडून तो बारीक, ताणलेला, एका रेषेत चालणारा स्वर. वरच्या जागांवर आवाज फाटतो. तिथली खाच उरलेलीच नाही. मला आमच्या घरात ही रेकॉर्ड लागल्याचं आठवत नाही. आम्ही मुलं असताना अभंग लागायचे, गीतरामायण लागायचं, रविवारी नाट्यगीतं. मग ही इतकी वाजली कधी? आम्ही शाळेत असताना? आम्ही झोपल्यावर? बाबा लोंड्याला असताना?

मन लगेच गोष्ट रचायला लागतं. नवरा चार-चार दिवस लाइनवर, बाई घरात एकटी, आणि ही ठुमरी. भावाला मी हे बोलले तर तो गप्प झाला. त्यालाही तेच वाटलं असावं. पण मी ती गोष्ट पुरती करायचं थांबवलं. खाच एवढंच सांगते की किती वेळा. का ते ती सांगत नाही. कदाचित तिला फक्त झिंझोटी आवडत असेल. कदाचित एकच जागा तिला कळत नसेल आणि ती पुन्हा पुन्हा ऐकत असेल. शाळेत गणित न सुटणाऱ्या मुलाला ती तेच सांगायची, परत वाच.

कपाटात रेकॉर्डींच्या मागे शंभर पानी वही सापडली. वर लेबल, "रेकॉर्डी – नेल्या/आणल्या". लोक रेकॉर्डी उसन्या नेत. आईनं नावं क्वचित लिहिली आहेत. बहुतेक नोंदी तिला ओळखू येतील अशा. पोस्टातले काका. कोपऱ्यावरच्या वहिनी. ड्रॉइंगच्या बाई. दवाखान्यातले कंपाउंडर. परत आल्या त्यांच्यापुढे बरोबरची खूण, लाल पेन्सिलीनं, वह्या तपासताना करते तशी. खूण नसलेल्या नोंदी मी वेगळ्या काढल्या. गीतरामायणाच्या संचातली एक एलपी कमी आहे, आणि भावाला तो संच पुरा हवा होता. ती नोंद ड्रॉइंगच्या बाईंच्या नावावर होती.

ड्रॉइंगच्या बाई आता सांगलीला, विश्रामबागेत, मुलाकडे असतात. पंचाऐंशीच्या पुढे. दृष्टी अधू, कान शाबूत. मी कोण हे सांगितल्यावर त्यांनी माझा हात धरला तो सोडलाच नाही. एलपीचं विचारलं.

"आहे की," म्हणाल्या. "पण तुझ्या आईकडं पण माझी एक आहे. अदलाबदल झालेली. ती माझी परत करीना, म्हणून मी तिची परत करीना."

"कुठली?"

"खाँसाहेबांची. झिंझोटी. माझ्या वडलांची होती ती, त्यांनी हुबळीहून आणलेली. पाकिटावर आत पेन्सिलीनं त्यांची सही असंल बघ."

रात्री घरी येऊन पाकीट उलटं करून बघितलं. सही होती, आतल्या घडीवर, फिकी. पाकिटावर आईचं मात्र काहीच लिहिलेलं नव्हतं. हे मला आधीच खटकायला हवं होतं. दुसऱ्याच्या वस्तूवर ती लिहिणार नाही.

दोन दिवसांनी रेकॉर्ड आणि आईचा प्लेयर घेऊन पुन्हा सांगलीला गेले. बाईंनी मला सांगितलं ते असं. शनिवारी सकाळची शाळा असायची. सुटली की दोघी आमच्या घरी यायच्या, कारण यंत्र आमच्याकडं. मी आणि भाऊ आजीकडं. दुपारभर घर मोकळं. "आम्हाला सासरी-माहेरी, शाळेत, कुठंच दोघींना बसून काही ऐकायला मिळायचं नाही बघ. मग ती म्हणायची, आणखी एकदा. ते झालं की मी म्हणायची, आणखी एकदा. सुई बदलायला पायजे, सुई बदलायला पायजे, असं म्हणत तसंच."

"जास्त कोण म्हणायचं?" मी विचारलं.

"ते आता कसं सांगू गं."

रेकॉर्ड त्यांना परत दिली. गीतरामायणाची एलपी त्यांनी देऊ केली, ती भावासाठी घेतली, आणि वहीतल्या त्या नोंदीपुढे लाल पेन्सिलीनं खूण केली. बाईंकडं आता वाजवायला काही नाही, म्हणून प्लेयरही तिथंच ठेवला. ७८ची नवी सुई बसवून दिली आहे. कळ कुठल्या बाजूला फिरवायची ते त्यांच्या नातवाला दोनदा करून दाखवलं. कंपाउंडरांच्या आणि पोस्टातल्या काकांच्या नोंदी अजून बाकी आहेत. दिवाळीत मिरजेला जाईन तेव्हा त्यांच्या घरी विचारेन.